जुना रेडिओ आणि दुरुस्तीचें बिल

बंद पडलेलें घड्याळ कपाटांत जातें, मोडकी खुर्ची माळ्यावर चढते, फुटका आरसा तर घरांतूनच हद्दपार होतो. परंतु लाकडी पेटीचा, पिवळट डायलचा आणि हिरव्या डोळ्याचा जुना रेडिओ मुका झाला तरी दिवाणखान्यांतील आपली जागा सोडीत नाहीं. त्याच्या डोक्यावरील विणलेला रुमालही वेळच्या वेळीं धुऊन पुन्हां घातला जातो. मग केव्हां तरी असा एक दिवस उजाडतो कीं, घरांतील कोणास तरी हा रेडिओ पुन्हां बोलावा असें वाटूं लागतें. तो टॅक्सींत घालून दुरुस्तीच्या दुकानीं नेला जातो. आणि तेथून बहुधा तीन आठवड्यांनीं एका बिलावरून दोन भल्या माणसांचें भांडण होतें.

ह्या भांडणाचें नेहमींचें चित्र डोळ्यांपुढें यावें म्हणून एक घर कल्पूं जावें. दादरच्या ह्या घरांत ठाण्याच्या कारखान्यांत तयार झालेला पांच व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ आहे. आईस पंचाऐंशी वर्षें पूर्ण होणार आहेत, आणि त्या दिवशीं सकाळीं हाच रेडिओ लावावयाचा असा मुलाचा बेत आहे. तो रेडिओ घेऊन जुन्या यंत्रांच्या एका वृद्ध कारागिराकडे जातो.

"काका, हा चालू करून द्यायला किती होतील?"

"उघडून पाहिल्याशिवाय काय सांगूं, साहेब?"

"तरी अंदाजें?"

"धरा हजार-दीड हजार."

मुलानें मनांत 'हजार' एवढाच शब्द धरला. कारागिरानें 'उघडून पाहिल्याशिवाय' हे शब्द धरले. तीन आठवड्यांनीं बिल आलें तें ५,६५० रुपयांचें: सामान १,१५० आणि मजुरी ४,५००. हे आकडे अर्थात् समजुतीपुरते आहेत. दर शहरागणिक आणि हातागणिक बदलतात. "एवढ्यांत नवा येईल कीं हो!" असें मुलगा म्हणाला. "मग नवाच घ्यायचा होता, साहेब," असें उत्तर मिळालें. रेडिओ फळीवरच राहिला, आणि वाढदिवसाला चार दिवस उरले.

ह्या प्रसंगांत लबाड कोणीच नाहीं. ग्राहकास वाटतें कीं, हजाराची वस्तु साडेपांच हजारांस गळ्यांत मारली. कारागिरास वाटतें कीं, नऊ तास डोळे फोडून केलेल्या कामाची चोरांत गणना झाली. दोघांची चूक एकच आहे. जें अद्याप कोणासच ठाऊक नव्हतें, त्याची किंमत एकानें विचारली आणि दुसऱ्यानें भिडेखातर सांगितली.

जुन्या यंत्राच्या दुरुस्तींत वास्तविक दोन निरनिराळीं कामें असतात. दोष शोधणें हें एक, आणि दोष दूर करणें हें दुसरें. नव्या यंत्रांच्या दुनियेंत पहिलें काम जवळजवळ नाहींसें झालें आहे. मोबाइलचा पडदा फुटला तर तो फुटलेला दिसतो, आणि नव्या पडद्याचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. पांच व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट वेगळी. एरियलमधून आलेली लहर पहिला व्हॉल्व्ह एका ठराविक कंपनसंख्येवर आणतो, दुसरा ती वाढवितो, तिसरा तींतून आवाज वेगळा काढून त्यास थोडें बळ देतो, चौथा तो आवाज स्पीकर हलविण्याइतका बलवान् करतो, आणि पांचवा ह्या सर्वांना लागणारा एकदिश विद्युत्प्रवाह पुरवितो. ह्या सांखळींत कोठेंही एक कडी सुटली कीं बाहेर परिणाम एकच: शांतता. ती शांतता कोणत्या कडीची, हें कळण्यासाठीं कारागिरास एकेक टप्पा मोजीत, मागून पुढें सरकावें लागतें. त्यांतून दोष गरम झाल्यावरच प्रकट होणारा निघाला, तर विचारूंच नये. रेडिओ वीस मिनिटें सुरेख गातो, मग घसा बसल्यासारखा गप्प होतो. मीटर लावावा तों पुन्हां गाऊं लागतो. अशा वेळीं कारागीर समोर बसून वाट पाहतो. लांबून पाहणारास तो चहा पीत बसलेला दिसतो. परंतु ती वाट पाहणें हेंच त्या घटकेचें काम असतें आणि तें बिलांत येणें रास्तच आहे.

आतां सामानाकडे वळावें. पुष्कळ ग्राहकांची तक्रार अशी असते कीं, बिघडला होता एक भाग आणि बदलले पंधरा. ह्या तक्रारीचें उत्तर कंडेन्सर नांवाच्या एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूंत आहे. त्या काळच्या रेडिओंत कागदाचे आणि विद्युद्द्रावणाचे असे दोन प्रकारचे कंडेन्सर असत. कागदाचा कंडेन्सर म्हणजे धातूच्या दोन पातळ पट्ट्यांमध्यें मेणकागद ठेवून केलेली गुंडाळी. वर्षानुवर्षें हवेंतील ओल, विशेषतः मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांतील ओल, त्या कागदांत शिरते आणि जी वीज अडवून धरावयाची ती कंडेन्सर झिरपूं देऊं लागतो. विद्युद्द्रावणाचे कंडेन्सर वापराविना पडून राहिले कीं त्यांतील अल्युमिनियमवरील संरक्षक पापुद्रा क्षीण होतो. रेडिओ लावल्याबरोबर जो जाड गुंजारव ऐकूं येतो, त्याचें मूळ बहुधा हेंच.

ह्यांपैकीं एक कंडेन्सर तर घातकी म्हणावा असा आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हपासून चौथ्या व्हॉल्व्हकडे आवाज पोंचविणारा हा लहानसा भाग. किंमत कांहीं रुपये. तो किंचित् झिरपूं लागला कीं चौथ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको ती धन वीज जाऊन बसते, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढूं लागतो, तापतो, आणि जातां जातां आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या केसासारख्या तारेलाही जाळून जातो. गंमत अशी कीं, हें सर्व चाललें असतां रेडिओ गातच असतो. आवाज थोडा फाटका येतो इतकेंच. ज्या कारागिरानें 'चालतोय ना? मग हात नको लावायला' असें म्हणून पांचशेंत काम उरकलें, त्याचें बिल स्वस्त वाटतें खरें. परंतु सहा महिन्यांनीं ट्रान्स्फॉर्मर नव्यानें गुंडाळून घेण्याची पाळी आली म्हणजे त्या स्वस्ताईचा हिशेब लागतो. म्हणून कागदाचे सर्व कंडेन्सर एकदमच बदलणारा मनुष्य ग्राहकास लुबाडीत आहे असें समजण्याचें कारण नाहीं. असे कंडेन्सर मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर आजही सहज मिळतात. महाग असतो तो त्यांना डाख देणारा हात.

याच्या उलट, व्हॉल्व्हच्या बाबतींत ग्राहकानें अधिक सावध असावें. रेडिओ बंद पडला कीं सामान्य मनुष्याचा संशय प्रथम व्हॉल्व्हवर जातो, कारण तो कांचेचा आहे, चमकतो आणि दिव्यासारखा दिसतो. मग दिव्यासारखाच 'उडाला' असेल, हा तर्क सोपा. प्रत्यक्षांत व्हॉल्व्ह मोठे दीर्घायुषी असतात, आणि जुन्या रेडिओंत कंडेन्सर पुष्कळ आधीं जातात. पांचही व्हॉल्व्ह बदलल्याचें बिल आलें तर 'जुने दाखवा आणि तपासणीचे आंकडे सांगा' असें विचारण्यास ग्राहकानें संकोच करूं नये. ईएल ८४ सारखे थोडे प्रकार गिटारच्या व गाण्याच्या अँप्लिफायरसाठीं रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथें अद्याप तयार होतात. परंतु रेडिओचे बहुतेक व्हॉल्व्ह आतां जुन्या सांठ्यांतूनच येतात. त्यामुळें चांगला व्हॉल्व्ह ही विकण्याजोगी चीज आहे, आणि चांगला काढून कमजोर बसविण्याचा मोह कोठें कोठें होतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ह्यावर उपाय सोपा आहे. दुकानीं नेण्यापूर्वीं मागील पुठ्ठा काढून, अर्थात् प्लग भिंतींतून काढल्यावरच आणि आंत बोट न घालतां, व्हॉल्व्हवरील अक्षरांचीं व आंतल्या मांडणीचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं. तीं कारागिरासमोरच घेतलीं तर अधिक बरें. प्रामाणिक माणसास त्याचा राग येत नाहीं.

ह्या अक्षरांवरून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती पैशांहून महत्त्वाची आहे. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचें पहिलें अक्षर 'ई' असेल तर त्याची तार ६.३ व्होल्टवर तापते, आणि अशा रेडिओंत बहुधा विजेपासून अलग करणारा ट्रान्स्फॉर्मर असतो. पहिलें अक्षर 'यू' असेल तर सर्व तारा एकामागून एक जोडून त्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडलेला असतो, आणि रेडिओचा पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेशीं जोडलेला असूं शकतो. अशा रेडिओचें एखादें बटण निघालें आणि उघड्या दांड्यास हात लागला, तर तो २३० व्होल्टला लागलेला हात होय. ह्या जातीचा रेडिओ दुरुस्त करणें हें अधिक जपण्याचें काम आहे, आणि त्याचे दोन पैसे अधिक मागितले गेले तर तें योग्यच आहे.

त्याच कारणास्तव वीस-तीस वर्षें बंद असलेला रेडिओ 'आधीं बघूं तरी लागतो का' म्हणून घरींच भिंतींत खोंचणें, हा बिल वाढविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मरणोन्मुख कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब पडतो, आणि जेथें तो एकटाच जावयाचा, तेथें तो आपल्याबरोबर पांचवा व्हॉल्व्ह किंवा मुख्य ट्रान्स्फॉर्मर घेऊन जातो. जाणता कारागीर असा रेडिओ प्रथम सिरीज बोर्डावर लावतो. म्हणजे विजेच्या वाटेवर एक साधा तारेचा दिवा घालतो. आंत कोठें वीज एकदम धांवूं लागली तर दिवा भगभगून पेटतो आणि रेडिओ वांचतो. दुकानांत शिरल्यावर टेबलावर असा एक दिवा दिसला, तर तें त्या दुकानाचें बऱ्यापैकीं प्रशस्तिपत्रक समजावें.

रेडिओविषयीं जें सांगितलें तें ग्रामोफोन, रेकॉर्ड-प्लेअर आणि टेपरेकॉर्डर यांनाही थोड्याफार फरकानें लागू आहे. चावीच्या ग्रामोफोनमध्यें वीज नाहीं, म्हणून दोष लौकर दिसतो. तेथें मुख्य कमान तुटलेली असते, किंवा कमानींतील वंगण वाळून डिंकासारखें झालेलें असतें, अथवा साउंडबॉक्समधील रबराच्या कड्या दगडासारख्या कडक होऊन आवाज किरकिरा येतो. कमान बाहेर काढणें मात्र पोरखेळ नव्हे. डब्यांत आवळून बसलेली ती पोलादी पट्टी सुटली तर हात फाडते. ह्या धंद्यांतील एक उपद्रव येथेंच सांगितला पाहिजे. चकचकीत पितळी कर्णा आणि नवी कोरी पेटी घालून, निरनिराळ्या यंत्रांचे अवयव एकत्र करून, 'जुना अस्सल ग्रामोफोन' म्हणून विकलेलीं यंत्रें बाजारांत पुष्कळ फिरतात. अशा यंत्राच्या दुरुस्तीस कारागीर नाखूष असतो, आणि त्याचा दर ऐकून ग्राहक चिडतो. परंतु जें यंत्र मुळांत एका मापाचें नाहीं त्यास नीट करणें म्हणजे नवें करण्याहून अवघड.

रेकॉर्ड-प्लेअरमध्यें बहुधा तबकडी फिरविणारें रबरी चाक कडक झालेलें असतें. यंत्र बंद करतांना चाक मोटरच्या दांड्याला टेकलेलें राहिलें तर तेथें खळगा पडतो आणि गाण्यामागें टक्टक् ऐकूं येते. टेपरेकॉर्डरचें उदाहरण तर बिलाचें गूढ उकलण्यास सर्वांत उत्तम. त्यांतील रबरी पट्टे काळानें वितळून डांबरासारखे होतात आणि प्रत्येक चाकाला, खांचेला, बोटांना आणि अखेर कारागिराच्या सदऱ्याला चिकटतात. नवा पट्टा अल्प किंमतींत मिळतो; जुना पट्टा काढण्यास अर्धा दिवस लागतो. बिलांत 'पट्टा' असें एकच लिहिलें आणि पुढें दोन हजारांचा आकडा घातला, तर ग्राहक संतापणारच. तेंच 'पट्टा ८० रुपये, जुना वितळलेला पट्टा खरवडून साफसफाई चार तास' असें लिहिलें, तर बहुतेकांचा राग निम्मा उतरतो.

तेव्हां दुकानांत यंत्र ठेवतांना प्रश्नच बदलला पाहिजे. 'सगळे मिळून किती?' हें विचारण्याऐवजीं 'उघडून, तपासून, काय झालें आहे तें सांगण्याचे किती?' हें आधीं विचारावें, आणि ती रक्कम, दुरुस्ती करावयाची ठरो वा न ठरो, देण्याची तयारी ठेवावी. पुष्कळांना ही तपासणीची फी म्हणजे भुर्दंड वाटतो. डॉक्टरनें नाडी पाहिली, औषध दिलें नाहीं, तरी त्याची फी देणारा गृहस्थ रेडिओवाल्यास मात्र 'नुसतें उघडून पाहायचे कसले पैसे?' असें विचारतो. ह्याचा परिणाम असा होतो कीं, जो कारागीर तपासणी फुकट करतो त्याला ते तास कोठें तरी वसूल करावे लागतात, आणि ते तो न बदललेल्या व्हॉल्व्हच्या किंमतींत वसूल करतो. फुकट तपासणी बहुधा सर्वांत महाग पडते.

तपासणी झाल्यावर कारागिरानें काय सांपडलें, काय बदलावें लागेल, कोणता भाग मिळण्याची खात्री नाहीं, हें सांगावें आणि त्यावर अंदाज लिहून द्यावा. अंदाज तो अंदाजच. त्यांत थोडें खालींवर होणारच. म्हणून ग्राहकानें चिठ्ठीवर एक मर्यादा लिहून घ्यावी, कीं ह्या रकमेपलीकडे काम जाऊं लागल्यास आधीं फोन करावा. काढलेले भाग पुडींत घालून परत मिळावेत, हेंही त्याच चिठ्ठीवर असावें. शिवाय कोणत्या गोष्टीला हात लावूं नये, हेंही लिहावें; कारण कांहीं दुकानदार मोठ्या उत्साहानें जुन्या लाकडावर नवें पॉलिश चढवितात, डायलची मूळ कांच बदलतात, आणि आंतील सर्व काढून टाकून मोबाइलवरचीं गाणीं वाजविणारें नवें सर्किट बसवून देतात. पेटी तीच दिसते, आवाजही मोठा येतो. परंतु हा बदल परत फिरवितां येत नाहीं. काढलेले अवयव तोंवर भंगारांत गेलेले असतात. ज्यास तेंच हवें आहे त्यानें तें खुशाल करावें, पण मागितल्याशिवाय तें केलें जाऊं नये.

कारागिराच्याही बाजूस एक मोठी व्यथा असते, ती ग्राहकास दिसत नाहीं. त्याच्या फळीवर दुरुस्त होऊन पडलेलीं, मालकांनीं कधींच न नेलेलीं यंत्रें असतात. हौस ओसरली, बदली झाली, आजोबा वारले. यंत्र राहिलें, आणि त्यांत गुंतलेलें सामान व मजुरीही राहिली. म्हणून कांहीं दुकानदार अर्धी रक्कम आगाऊ मागतात. सामानाच्या किंमतीपुरती आगाऊ रक्कम मागणें वाजवी आहे. तिची पावती मात्र घ्यावी.

मग दादरच्या त्या मुलाचें काय? बिल भरल्याशिवाय रेडिओ देणार नाहीं, असें कारागीर म्हणतो. हा त्याचा अधिकार आहे काय? आहे, पण त्याला सीमा आहेत. १८७२ चा भारतीय करार कायदा ह्या बाबतींत आजही लागू आहे. दुरुस्तीसाठीं वस्तु दुकानदाराच्या स्वाधीन करणें ह्यास कायद्यांत निक्षेप म्हणतात. कलम १५१ प्रमाणें, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुकानदारानें घेतली पाहिजे. कलम १७० प्रमाणें, त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून ठरलेलें काम केलें असल्यास, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवण्याचा त्यास अधिकार आहे. कायद्यानें ह्याचीं दोन मोठीं सुबक उदाहरणें दिलीं आहेत. जवाहिऱ्यास पैलू पाडण्यासाठीं हिरा दिला आणि त्यानें पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवूं शकतो. शिंप्यास कोटाचें कापड दिलें, आणि कोट होतांच देईन व पैशांस तीन महिन्यांची सवलत देईन असें शिंप्यानें कबूल केलें, तर मात्र त्यास कोट अडवितां येत नाहीं.

हा अधिकार त्याच वस्तूच्या मोबदल्यापुरता आहे. गेल्या वर्षींच्या टेपरेकॉर्डरची बाकी राहिली म्हणून आजचा रेडिओ अडवितां येत नाहीं. तसेंच अडवून ठेवणें म्हणजे विकून टाकणें नव्हे. आणि मोबदला म्हणजे दुकानदाराच्या मनांत येईल तो आकडा नव्हे. ठरलेला असेल तर ठरलेला, नसेल तर कामाच्या मानानें वाजवी असा.

वाद फारच विकोपास गेला तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सेवेंतील उणीव आणि अनुचित व्यापारी प्रथा ह्यांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस फी पडत नाहीं. बिल किंवा पावती न देणें हीसुद्धां त्या कायद्यानें अनुचित प्रथाच आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांकही आहे. वस्तु तातडीनें हवी असेल तर बिलावर 'तक्रारीचा हक्क राखून रक्कम देत आहे' असें लिहून पैसे भरावे, वस्तु घ्यावी आणि मग तक्रार करावी. परंतु ह्या मार्गानें जाणाराजवळ कागद लागतो, आणि 'धरा हजार-दीड हजार' ह्या चार शब्दांचा कागद कोठेंच नसतो.

दादरच्या प्रकरणांत कोणीही आयोगाकडे गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलगा पुन्हां दुकानीं गेला, त्या वेळीं बहीणही बरोबर होती. तिनें भांडण्याऐवजीं एकच गोष्ट मागितली. "काका, हे नऊ तास कशाकशाला लागले, तेवढं सांगा."

कारागिरानें सांगितलें. दोष शोधण्यास तीन तास. कारण रेडिओ गरम झाल्यावरच गप्प होत होता. कंडेन्सर बदलण्यास चार. तुटलेली डायलची दोरी ओंवण्यास एक, आणि सर्व जुळवून वाजवून पाहण्यास एक. मग त्यानें खणांतून कागदाची एक पुडी काढली. तींत मेण ओघळलेले चौदा कंडेन्सर होते, आणि त्यांतील एकावर त्यानें लाल पेन्सिलीची खूण केली होती. "हा तो. ह्याच्यामुळं ट्रान्स्फॉर्मर जायचा राहिला." पुडी आधींच दाखविली असती तर आदला दिवस वांचला असता, पण जुन्या कारागिरांना आपलें काम बोलून दाखविण्याची संवय नसते.

दीड हजारांवर काम चाललें तेव्हां फोन करावयास हवा होता, हें त्यानें कबूल केलें. तपासणीचे तास मनांत धरलेच नव्हते, हें मुलानें कबूल केलें. सामानाचे १,१५० आणि शोधण्याचे १,५०० पूर्ण, उरलेल्या सहा तासांचे निम्मे म्हणजे १,५००, असे एकंदर ४,१५० रुपये ठरले. पैसे देण्यापूर्वीं रेडिओ दुकानांतच तासभर वाजवून पाहिला; वीस मिनिटें उलटलीं, चाळीस उलटलीं, आवाज टिकला. मागें गुंजारव नव्हता, डायलचा कांटा अडखळत नव्हता, आणि मागचा पुठ्ठा चारही स्क्रूंसह जागेवर होता.

घरीं माळ्यावर चावीचा एक ग्रामोफोनही होता. तो पुढच्या महिन्यांत त्याच दुकानीं गेला. ह्या खेपेस काउंटरवर बहिणीनें चिठ्ठी लिहिली आणि कारागिरानें तिच्यावर सही केली: तपासणीचे ६०० रुपये, काम करो वा न करो. कमान बदलावी लागल्यास आधीं विचारणें. मर्यादा ३,००० रुपये. पेटीस पॉलिश करूं नये. जुने भाग परत.